दोन डगरींवर हात: उत्क्रांती मानसशास्त्र आणि एपिजेनेटिक्समधलं करिअर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मानसशास्त्रात एमए झालंय, उत्क्रांती मानसशास्त्राची, म्हणजे आपल्या मनाचे कल उत्क्रांतीत का घडले या प्रश्नाची, आवड आहे. लहानपणीच्या हालअपेष्टांचा ठसा जनुकांवर कसा उमटतो आणि तो ठसा पुढे जगायला उपयोगी पडतो का, यावर पीएचडी करायची आहे. पण उत्क्रांती मानसशास्त्र आणि एपिजेनेटिक्स (डीएनएचा मजकूर न बदलता जनुकांचं काम कमी-जास्त करणाऱ्या खुणांचा अभ्यास) हे दोन्ही विषय एकत्र असलेला विभाग सापडत नाही. या वाटेने गेलं तर आयुष्यभराचं काम मिळेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

विभाग सापडत नाही यात तुमच्या शोधण्याची चूक नाही. तसा विभाग सहसा नसतोच. उत्क्रांती मानसशास्त्रवाले मानसशास्त्र किंवा मानववंशशास्त्रात बसतात, एपिजेनेटिक्सवाले जीवशास्त्रात, मानसोपचार विभागात किंवा साथरोगशास्त्रात. एकमेकांच्या परिषदांना ते क्वचितच जातात. मी गेली वीसेक वर्षं या दोघांच्या मधल्या बोळात काम करतोय, आणि अजूनही एका बाजूचे लोक मला दुसऱ्या बाजूचा समजतात. तेव्हा विभागाचं नाव शोधणं आजच थांबवा. गाईड शोधा, आणि त्याहून आधी कोणतं काम हाताला येतं ते शोधा. माझं सगळं म्हणणं याच एका मुद्द्याभोवती आहे: या क्षेत्रात विषयावर नोकरी मिळत नाही, हातातल्या कसबावर मिळते. विषय मागून येतो.

पण कसबाकडे वळण्याआधी एक गोंधळ निस्तरायला हवा, कारण तुमच्या प्रश्नातच तो दडलेला आहे.

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासक निको टिनबर्गन याने १९६३ मध्ये सांगून ठेवलंय की कोणत्याही वर्तनाबद्दल चार वेगवेगळे प्रश्न विचारता येतात. ते वर्तन कोणत्या यंत्रणेने घडतं, वाढीच्या ओघात कसं येतं, जगण्या-प्रजननात त्याचा काय उपयोग होतो, आणि वंशाच्या इतिहासात ते कुठून आलं. एपिजेनेटिक्स पहिल्या दोन प्रश्नांवर काम करतं, उत्क्रांती मानसशास्त्र शेवटच्या दोन. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. मुलाखतीला येणाऱ्या दहापैकी सात-आठ विद्यार्थी मला सांगतात की खडतर बालपणानंतर मिथायलेशन (डीएनएवर चिकटणारी, जनुकाला बहुधा गप्प करणारी रासायनिक खूण) बदलतं, म्हणजे शरीर परिस्थितीशी जुळवून घेतंय. अहो, भाजल्यावर कातडीसुद्धा बदलते. व्रण हा बदलच आहे, पण तो जुळवून घेणं नाही. खूण सापडली एवढ्याने ती उपयोगाची ठरत नाही, आणि ‘उपयोगाची असावी’ अशी सुरेख गोष्ट रचता आली म्हणून यंत्रणा सापडत नाही. हा फरक ज्याला मनापासून पटला, त्याला मी पुढचे प्रश्न विचारतो.

आता मॉन्ट्रियलचे उंदीर. मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी, मोशे झिफ, इयन वीव्हर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की काही उंदीरमाद्या पिलांना पहिल्या आठवड्यात भरपूर चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेल्या पिलांच्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागात ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टरच्या (ताणाचं संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाच्या) जनुकाच्या प्रमोटरवर, म्हणजे ते जनुक चालू-बंद करणाऱ्या भागावर, मिथायलेशन कमी असतं, रिसेप्टर जास्त बनतात, आणि मोठेपणी ताण आला तर तो लवकर निवळतो. पिलांची अदलाबदल केली तर ही खूण पिलं सांभाळणाऱ्या आईप्रमाणे येते, जन्मदात्रीप्रमाणे नाही. प्रौढ उंदरांच्या मेंदूत ट्रायकोस्टॅटिन-ए हे एपिजेनेटिक खुणा बदलणारं रसायन सोडलं तर दोन गटांतला फरक पुसला जातो. या प्रयोगाने एक अख्खं क्षेत्र उभं केलं.

सगळे हा निष्कर्ष वाचतात, तो मिळवायला काय करावं लागलं ते कुणी वाचत नाही. त्या पद्धतीत दिवसाला पाच सत्रं असतात, प्रत्येक सत्र ७२ मिनिटांचं, आणि दर तीन मिनिटांनी प्रत्येक मादी त्या क्षणी काय करतेय याची नोंद. म्हणजे पहिली नोंद धरून सत्राला २५, आणि एका मादीच्या दिवसाला १२५ नोंदी, तेही ओळीने बरेच दिवस. मी पीएचडीच्या पहिल्या वर्षी दुसऱ्या एका प्रयोगशाळेत हेच केलं. मंद लाल दिव्यात स्टुलावर बसायचं, टायमर वाजला की पिंजऱ्यांच्या रांगेवरून नजर फिरवायची: चाटतेय, पाठीची कमान करून पाजतेय, नुसतीच आडवी आहे, पिलांपासून लांब आहे. चौथ्या दिवशी मला झोपेतही टायमर ऐकू यायला लागला. पण चाटणं आणि स्वतःचं अंग साफ करणं यातला फरक मानेच्या एका हालचालीवरून ओळखायला मी तिथे शिकलो, आणि ती नजर नसती तर पुढचं सगळं मिथायलेशन मातीमोल होतं. वर्तन नीट मोजता येत नसेल तर जनुकाशेजारी ठेवणार काय?

तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा, म्हणजे ठसा उपयोगी असतो का, हा अजून उघडा आहे आणि तो आयुष्य घालावं इतका चांगला आहे. एक मत असं की बालपण हा हवामानाचा अंदाज असतो. आजूबाजूला धोका दिसला तर शरीर पुढच्या धोकादायक आयुष्याची तयारी करतं. जे बेल्स्की, लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि पॅट्रिशिया ड्रेपर यांनी १९९१ मध्ये याच धाग्यावर मांडलं की अस्थिर घरात वाढलेल्या मुली लवकर वयात येतील. ऐकायला पटतं. पण २०१३ मध्ये डॅनिएल नेटल, विलेम फ्रांकनहाउस आणि इयन रिकर्ड यांनी गणिती मॉडेल मांडून विचारलं की माणसासारख्या दीर्घायुषी प्राण्यात पहिल्या दोन-चार वर्षांचा अंदाज वीस वर्षांनंतर कितीसा खरा ठरणार? त्यांचं उत्तर असं की परिस्थिती वर्षानुवर्षं फारच स्थिर असेल तरच हा व्यवहार परवडतो. त्यापेक्षा दुसरी शक्यता जास्त सरळ आहे: खडतर बालपणाने शरीराचं नुकसान होतं, आयुष्य आखूड होण्याची शक्यता वाढते, म्हणून प्रजननाची घाई फायद्याची ठरते. इथे अंदाज बाहेरच्या जगाचा नाही, स्वतःच्या शरीराचा आहे. या दोन मतांची भाकितं कुठे वेगळी पडतात ते कागदावर मांडून बघा. ज्या दिवशी ते जमेल त्या दिवशी तुमच्या पीएचडीचं पहिलं प्रकरण तयार होईल.

दोन्ही विद्याशाखा नुसत्या शेजारी न बसता खरोखर एकमेकींत गुंतल्यात अशी जागा विचाराल तर मी जीनोमिक इम्प्रिंटिंग सांगेन. काही जनुकांच्या बाबतीत आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली प्रत यांपैकी एकच चालते, दुसरी मिथायलेशनच्या खुणेने गप्प केलेली असते. असं का असावं? दोन प्रतींचा विमा सोडून एकीवर भिस्त ठेवणं वरवर पाहता वेडेपणाचं आहे. रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७४ मध्ये पालक आणि अपत्य यांच्या हितसंबंधांतल्या ओढाताणीचं तत्त्व मांडलं होतं. डेव्हिड हेग आणि मार्क वेस्टोबी यांनी १९८९ मध्ये ते जनुकांच्या पातळीवर नेलं. आईच्या पुढच्या पिलांचा बाप वेगळा असू शकतो, त्यामुळे बापाकडून आलेल्या प्रतीला आईचं अन्न जास्तीत जास्त ओढण्यात फायदा, आणि आईकडून आलेल्या प्रतीला सगळ्या पिलांत वाटणी राखण्यात. १९९१ मध्ये उंदरांत दिसलं की वाढ करवणाऱ्या आयजीएफ२ या जनुकाची बापाकडची प्रत चालते, आणि ते प्रथिन निकालात काढणाऱ्या रिसेप्टरच्या जनुकाची आईकडची. इथे ‘का’ आणि ‘कसं’ एकाच रेणूवर येऊन भेटतात. उत्क्रांतीच्या सिद्धांताने सांगावं की खूण कुठे आणि कोणत्या दिशेने असेल, आणि प्रयोगशाळेने तपासावं. बालपणाच्या एपिजेनेटिक्समध्ये अजून या तोडीचं भाकीत आलेलं नाही, आणि मला विचाराल तर मोकळी जमीन तीच आहे.

दोन्ही क्षेत्रांना एक दुखणं सारखंच आहे: देखणी गोष्ट आणि लहान सॅम्पल. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निकाल होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत उरला. मासिक पाळीच्या चक्रानुसार स्त्रियांना पुरुषी चेहरे कमी-जास्त आवडतात, हा उत्क्रांती मानसशास्त्रातला लाडका दावा होता. बेनेडिक्ट जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५८४ स्त्रियांवर तपासलं, तर त्याला दम असल्याचं दिसलं नाही. जनुकांच्या बाजूला, सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर जनुकाचा एक प्रकार असलेल्यांना ताणानंतर नैराश्य जास्त येतं, ही २००३ पासूनची कहाणी अशीच. २०१९ मध्ये लाखो लोकांच्या डेटावर नैराश्याशी जोडलेली १८ ‘नामांकित’ (आधीपासून संशयित ठरवलेली) जनुकं तपासली, आणि ती इतर कुठल्याही जनुकांपेक्षा वेगळी निघाली नाहीत. कित्येकांची करिअरं या कहाण्यांवर उभी होती. मी नावं घेत नाही, पण निवृत्तीला दोन वर्षं असताना आपलं मुख्य काम विरघळताना बघणारी माणसं मी जवळून पाहिलीत.

आता माझी स्वतःची फजिती, कारण ती कुठल्याही सल्ल्यापेक्षा उपयोगाची आहे. बालपण खडतर गेलेले प्रौढ आणि तसं न गेलेले, अशा दोन गटांचे रक्ताचे नमुने आमच्याकडे होते. त्या काळची चिप डीएनएवरच्या साडेचार लाखांहून जास्त जागांचं मिथायलेशन एका दमात मोजायची, एका चिपवर १२ नमुने. नमुने जसे हाती आले तसे आम्ही पाठवले: आधी खडतरवाले, काही आठवड्यांनी दुसरे. निकाल आला तो डोळे दिपवणारा. शेकडो जागांवर फरक! पेपरचा मसुदा लिहून झाला. मग एका नव्या विद्यार्थिनीने सहज प्रिन्सिपल कंपोनंटचा आलेख काढला, ज्यात एकमेकांसारखे नमुने जवळजवळ दिसतात. ठिपक्यांचे दोन स्वच्छ घोस. आम्ही खूश. तिने तोच आलेख चिप चालवल्याच्या तारखेप्रमाणे रंगवला, आणि तेच दोन घोस तितक्याच स्वच्छपणे तारखांचे निघाले. आम्ही बालपण मोजलंच नव्हतं, कॅलेंडर मोजलं होतं. नमुने सरमिसळ करून पुन्हा चालवायला पैसे आणि आठ महिने गेले. त्यानंतर रक्तातल्या वेगवेगळ्या पेशींचं प्रमाण हिशेबात धरलं, कारण ताणाखाली पांढऱ्या पेशींचं मिश्रण बदलतं आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीचं मिथायलेशन वेगळं असतं. मग हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरल्या. त्यातली सगळ्यात ठळक एएचआरआर या जनुकावरची होती, आणि या क्षेत्रातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल की ती सिगारेटची खूण आहे. खडतर बालपण गेलेले लोक जास्त सिगारेट ओढत होते. एवढंच.

त्या विद्यार्थिनीने तेव्हा एकही पेपर लिहिलेला नव्हता, पण नंतर तिला आमच्यातल्या कुणाहीपेक्षा लवकर कायमची नोकरी लागली. कसब म्हणतो ते हे.

कोणतं कसब, हा तुमचा खरा प्रश्न असायला हवा. माझ्या मते वाटा तीन आहेत. डेटाचं काम: आर ही संख्याशास्त्राची संगणकीय भाषा, मिश्र मॉडेल्स (गटागटांत विभागलेल्या डेटाची सांख्यिकी), कार्यकारण आकृत्या, सिम्युलेशन, मिथायलेशन डेटाची साफसफाई. याला सगळीकडे मागणी आहे, आणि संशोधन सोडावं लागलं तरी पोट भरतं. दुसरी वाट प्रयोगशाळेची किंवा प्राण्यांची: तिथे हात बसायला वर्षं लागतात, पण हात बसलेला माणूस दुर्मिळ असतो. तिसरी सिद्धांताची: लाइफ हिस्टरी मॉडेल्स (वाढ, प्रजनन आणि आयुष्य यांच्या वाटणीचं गणित), लोकसंख्या जनुकशास्त्र. तिथे जागा फार थोड्या, पण लागतो फक्त कागद आणि कम्प्युटर. एमए मानसशास्त्रावरून येणाऱ्याला मी पहिली वाट सांगतो. मात्र दुसरीत निदान सहा महिने हात काळे करा, म्हणजे डीएनए नमुना कुठे कुठे बिघडतो ते कळेल. तिन्हीत थोडं-थोडं येणारा माणूस गप्पांना चांगला, नोकरीला नाही.

स्वतःचे नमुने गोळा करायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या एव्हन अभ्यासात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या मुलांची माहिती आहे, आणि त्यातल्या सुमारे हजार आई-मुलांच्या जोड्यांचं मिथायलेशन वेगवेगळ्या वयांत मोजलेलं आहे. न्यूझीलंडच्या डनेडिनमध्ये १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा माग अजून ठेवला जातोय. रीतसर अर्ज करून संशोधकांना असा डेटा मागता येतो. काही डेटा तर सार्वजनिक संग्रहांत नुसता पडून आहे. चांगली रचना म्हणजे काय ते बघायचं असेल तर डच दुष्काळाचा २००८ मधला अभ्यास घ्या. १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भधारणेच्या सुमारास सापडलेल्या ६० जणांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली, भावाची भावाशी आणि बहिणीची बहिणीशी. सहा दशकांनंतर आयजीएफ२ वर सुमारे पाच टक्के कमी मिथायलेशन सापडलं. फरक लहान, पण तुलना घरातल्या घरात, म्हणून त्याला वजन आहे.

याच्या उलट, ‘आघात पिढ्यान्‌पिढ्या जनुकांतून उतरतो’ या वाक्यापासून चार हात लांब राहा. ज्यावर वर्तमानपत्रांनी रान उठवलं तो होलोकॉस्टमधून वाचलेल्यांचा २०१६ चा अभ्यास ३२ पालक आणि २२ अपत्यांचा होता, आणि एफकेबीपी५ या ताणाशी संबंधित जनुकाच्या मिथायलेशनमधला बदल पालकांत वर तर मुलांत खाली होता. शिवाय हिशेब साधा आहे: गरोदर बाईवर संकट आलं तर ती, पोटातलं मूल आणि त्या मुलाच्या जननपेशी, अशा तीन पिढ्या एकाच वेळी त्या संकटात असतात. खरा वारसा दाखवायचा तर पणतवंडांपर्यंत जावं लागतं, आणि माणसात घर, गरिबी, संगोपन हे सगळं बरोबर वाहत येतंच. पत्रकाराचा फोन आला की हे सांगायची सवय आतापासून लावा. आणखी एक: हे निष्कर्ष फार लवकर आईच्या माथी मारले जातात. सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याविरुद्ध लिहिलं होतं, ते जरूर वाचा.

नोकरीचं वास्तव थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे सारखंच कोरडं आहे. पीएचडीची चार-सहा वर्षं, मग एक, दोन, कधी तीन पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागा), आणि कायमच्या जागा पीएचड्यांपेक्षा खूप कमी. जाहिरातीत तुमच्या विषयाचं नाव कधीच नसेल. तुम्हाला विकासात्मक मानसशास्त्रज्ञ, साथरोगशास्त्रज्ञ किंवा संख्याशास्त्रज्ञ म्हणून अर्ज करावा लागेल, आणि ते खोटं वाटू नये इतकं काम त्या नावाखाली हवं. ग्रँटच्या समितीत निम्मे लोक ‘उत्क्रांती’ शब्द वाचून तुम्हाला गोष्टीवेल्हाळ समजतात, उरलेले मिथायलेशनला दागिना समजतात. मी एका अर्जात एकच दावा ठेवतो आणि तो कोणत्या निकालाने खोटा ठरेल ते पहिल्याच पानावर लिहितो. निकाल येण्याआधीच पद्धतीवर पेपर स्वीकारणारी नियतकालिकं आता बरीच आहेत. नव्या माणसासाठी ती मोठी सोय आहे, कारण ‘काहीच सापडलं नाही’ हाही पेपर होतो.

गाईड निवडताना त्यांच्या प्रसिद्धीपेक्षा त्यांचे शेवटचे पाच विद्यार्थी आज काय करतात ते विचारा, आणि शक्य झालं तर त्यातल्या दोघांशी परस्पर बोला. डेटा आज हातात आहे की ‘पुढच्या वर्षी येणार’ आहे, हेही विचारा. पुढच्या वर्षी येणारा डेटा तुमच्या तिसऱ्या वर्षी येतो.

पहिलं पत्र लांबलचक नको. येत्या तीन-चार महिन्यांत सार्वजनिक संग्रहातला एक मिथायलेशन डेटा उतरवून घ्या, कुणाचा तरी छापलेला निकाल स्वतः काढून बघा, आणि जुळला नाही तर का जुळला नाही ते शोधा. पत्रात आठ-दहा ओळींत ते लिहा आणि एक आलेख जोडा, तारखेप्रमाणे रंगवलेला. माझ्याकडे आठवड्याला येणाऱ्या पत्रांत बहुतेकांनी आपली आवड लिहिलेली असते, आलेख कुणी जोडत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको, पुढच्या गाईडला लिहा.